‘क्लाउडवर होतं, तरी गेलं’: दर आठवड्याची तक्रार आणि ती सोडवायची रीत

चिपळूणच्या बाजारपेठेत माझं लॅपटॉप-प्रिंटर दुरुस्तीचं दुकान आहे. पावसाळ्यात ओल धरलेले कीबोर्ड येतात, निकाल लागले की फॉर्म भरणाऱ्यांचे अडलेले प्रिंटर येतात. पण बारा महिने न चुकता येणारी तक्रार एकच: “फोटो गेले.” कधी ती “डेस्कटॉपवरचं सगळं गायब झालं” अशी येते, कधी “डिस्क लावली की फॉरमॅट करा म्हणते” अशी. शेवटचा प्रश्न मात्र सगळ्यांचा ठरलेला असतो. “मग दादा, क्लाउडवर (म्हणजे नेटवरून कंपनीच्या संगणकावर) ठेवायचं की डिस्कवर? भरवशाचं काय?”

त्या प्रश्नाकडे येतोच, पण आधी गेलेलं परत आणायचं बघू. काउंटरवर उभ्या माणसाला नातीच्या बारशाचे फोटो हवे असतात, व्याख्यान नको असतं.

आधी हात आवरा

काहीही गायब झालं तरी पहिली दहा मिनिटं काही करू नका. ॲप काढून परत टाकू नका, खात्यातून साइन आउट होऊ नका, ‘फॉरमॅट’ला हो म्हणू नका. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या चार-पाच जणांचा डेटा मुळात गेलेलाच नसतो, तो ‘परत आणताना’ जातो.

घरात त्याच खात्याचा दुसरा लॅपटॉप किंवा जुना फोन बंद पडून असेल तर तो सोन्यासारखा जपा. तो बंद असल्यामुळे ‘फाइल पुसली’ ही बातमी त्याच्यापर्यंत पोचलेली नसते, म्हणजे फाइल त्याच्यात अजून असू शकते. पण तो घाईने चालू केलात आणि त्याने घरचं वायफाय पकडलं, तर पाच मिनिटांत तोही शहाण्यासारखी आपली प्रत पुसून टाकेल. म्हणून आधी राउटर बंद करा, मग यंत्र चालू करा, फाइल सापडली की पेनड्राइव्हवर घ्या आणि मगच नेट जोडा. या एका युक्तीने मी एका वकिलांची तीन वर्षांची कागदपत्रं परत आणली आहेत. त्यांनी बिल विचारलं तेव्हा राउटर बंद करण्याचे किती घ्यायचे हे मलाच कळेना.

हात आवरण्याचा सल्ला मोठ्या कंपन्यांनाही द्यावा लागतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल ड्राइव्हच्या काही वापरकर्त्यांच्या अलीकडच्या महिन्यांतल्या फाइली दिसेनाशा झाल्या. दोष संगणकावर बसवायच्या ड्राइव्ह ॲपच्या ८४ क्रमांकाच्या आवृत्तीत होता. तेव्हा गूगलने लोकांना पहिली गोष्ट हीच सांगितली की ॲपमधून खातं तोडू नका आणि ॲपचा डेटा असलेला फोल्डर पुसू नका. ज्यांनी धीर धरला त्यांच्यासाठी पुढच्या आवृत्तीत परत मिळवण्याची सोय आली. ज्यांनी ‘एकदा काढून टाकून बघू’ केलं त्यांची अडचण वाढली.

प्रत नक्की कुठे आहे?

गिऱ्हाईक सांगतं, “क्लाउडवर आहे.” मी विचारतो, कशावरून? “फोनमध्ये दिसतंय ना!” फोनमध्ये दिसतंय म्हणून क्लाउडवर आहे असं होत नाही, आणि उलटही होत नाही. दोन साध्या चाचण्या आहेत.

फोन एरोप्लेन मोडवर टाका आणि फोटो उघडा. नुसता दिसला म्हणून समाधान मानू नका, कारण छोटी छबी फोन स्वतःजवळ ठेवतोच. दोन बोटांनी मोठा करा. धुरकट राहिला, किंवा व्हिडिओ चालूच झाला नाही, तर खरी फाइल फोनमध्ये नाही. दुसरी चाचणी याच्या उलट: दुसऱ्याच कुणाच्या संगणकावर ब्राउझरमध्ये आपल्या खात्याने शिरा आणि तिथे तो फोटो दिसतो का बघा. दिसला तरच तो क्लाउडवर आहे. काम झाल्यावर साइन आउट करायला विसरू नका. माझ्या दुकानातल्या संगणकावर आजवर निम्म्या आळीची खाती उघडी राहिली आहेत.

फोनमधले फोटो गेले

सगळ्यात जास्त वेळा घडतं ते असं. फोन भरतो. ‘जागा शिल्लक नाही’ असा निरोप येतो. काकू विचार करतात, फोटो गूगल फोटोजमध्ये आहेतच, मग फोनमधले पुसू. आणि त्या ते गूगल फोटोजच्याच ॲपमध्ये जाऊन पुसतात. फोन रिकामा होतो आणि क्लाउडही रिकामा होतो. ती दोन कपाटं नव्हती, एकाच कपाटाला दोन दारं होती.

फोनमधली जागा मोकळी करायची तर त्या ॲपमध्ये ‘फ्री अप स्पेस’ नावाचा वेगळा पर्याय आहे. एकेक फोटो निवडला तर ‘डिलीट फ्रॉम डिव्हाइस’ असा पर्याय आहे. हे दोन फक्त फोनमधली प्रत काढतात. साधा कचऱ्याच्या डब्याचा बटण दोन्हीकडची काढतो.

पुसून झालं असेल तर लगेच ॲपमधला ‘बिन’ किंवा ‘ट्रॅश’ उघडा. बॅकअप झालेला फोटो तिथे ६० दिवस राहतो, न झालेला ३० दिवस. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते. २०२० च्या ऑक्टोबरपूर्वी ती आपण काढेपर्यंत राहायची, त्यामुळे जुन्या सवयीची माणसं अजूनही ‘असेल ट्रॅशमध्ये’ म्हणून निवांत असतात. आयफोनच्या ‘रीसेंटली डिलीटेड’मध्येही साधारण महिनाभरच. मुदत उलटली की मी काही करू शकत नाही, आणि ‘आमच्याकडे सॉफ्टवेअर आहे’ म्हणणाराही बहुधा काही करू शकत नाही.

बिन रिकामा निघाला तर रडण्याआधी आणखी तीन जागा बघा.

पहिली म्हणजे दुसरं खातं. ॲपच्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट ठेवा, तिथे दोन-तीन जीमेल दिसतील. फोन बदलला, दुकानातल्या पोराने नवीन जीमेल काढून दिला आणि जुने फोटो जुन्या खात्यात राहिले, असं सतत घडतं. महिन्यातून एकदा तरी मी नुसतं खातं बदलून दाखवतो आणि माणूस माझ्याकडे जादूगारासारखा बघतो.

दुसरी, व्हॉट्सॲप. अँड्रॉइडवर गूगल फोटोज आपणहून फक्त कॅमेऱ्याच्या फोल्डरचा बॅकअप घेतं. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो ‘बॅकअप डिव्हाइस फोल्डर्स’मध्ये जाऊन त्याचा फोल्डर चालू केल्याशिवाय वर जात नाहीत. मुलगा अमेरिकेत, नातवाचे सगळे फोटो व्हॉट्सॲपवर आलेले, आणि आजी निर्धास्त की क्लाउड आहे. नाही, आजी. ते फक्त तुमच्या फोनमध्ये आहेत. आणि व्हॉट्सॲपचा जो स्वतःचा बॅकअप असतो तो गप्पांसकट एक बंद गाठोडं असतो. ड्राइव्हमध्ये जाऊन त्यातला एखादा फोटो काढता येत नाही. त्याच नंबरवर व्हॉट्सॲप पुन्हा बसवलं तरच ते गाठोडं सुटतं. पण फोटो जिथून आला तिथे, म्हणजे मुलाच्या फोनमध्ये, तो बहुतेक वेळा असतोच. त्याला मागा, आणि मागताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असं सांगा, नाहीतर दाबून बारीक केलेला येईल.

तिसरी जागा पुरुष मंडळी विसरतात: जुना फोन, जो मुलांना खेळायला दिलेला असतो.

आता याच दुखण्याचा दुसरा प्रकार, जो मला जास्त घाबरवतो. यात कुणी काही पुसलेलं नसतं. गेल्या वर्षी एक बाई पाण्यात पडलेला फोन घेऊन आल्या. फोन गेला होता, पण “क्लाउड चालू आहे, काळजी नाही” म्हणाल्या. खात्यात शिरून बघितलं तर शेवटचा फोटो चौदा महिन्यांपूर्वीचा. त्या दिवशी १५ जीबी भरले होते आणि बॅकअप थांबला होता. निरोप रोज येत होता, त्या तो रोज बाजूला सारत होत्या. ही १५ जीबीची मोफत जागा फोटोंची एकट्याची नाही. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज तिघांत वाटलेली आहे. १ जून २०२१ पर्यंत ‘हाय क्वालिटी’ फोटो त्यात मोजले जात नसत, तेव्हापासून मोजले जातात. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही २०२४ पासून त्याच १५ जीबीत धरला जातो. त्यामुळे पाच वर्षं पुरलेली जागा अचानक का भरली, याचं उत्तर ‘नेटवाल्यांची लबाडी’ हे नसून हे आहे. आयक्लाउडची मोफत जागा तर ५ जीबीच.

म्हणून ‘बॅकअप चालू आहे का’ असं विचारूच नका. ‘शेवटचा फोटो कुठल्या तारखेचा आहे’ असं विचारा. दुसऱ्या यंत्रावर उघडून, सगळ्यात वरचा फोटो कालचा आहे का ते बघा. वीस सेकंदांचं काम आहे.

लॅपटॉपचा डेस्कटॉप रिकामा झाला

नवीन विंडोज लॅपटॉप चालू करताना आपण खातं टाकतो आणि ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबत जातो. त्या दाबादाबीत डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तिन्ही फोल्डर वनड्राइव्हच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडच्या, पोटात जातात. पुढे कधीतरी त्याची मोफत ५ जीबी जागा भरते, लाल फुली दिसायला लागते, आणि कुणीतरी वैतागून तो बॅकअप बंद करतो. डेस्कटॉप कोरा! फाइली बऱ्याचदा जागेवरच असतात: सी ड्राइव्हमध्ये युजर्स, त्यात तुमचं नाव, त्यात वनड्राइव्ह, त्यात डेस्कटॉप. तिथून उचलून खऱ्या डेस्कटॉपवर आणा. पण आणण्याआधी फाइलीशेजारची खूण बघा. निळा ढग असेल तर फाइल फक्त वर आहे, यंत्रात नुसतं नाव आहे. हिरवी बरोबरची खूण असेल तर फाइल खरोखर यंत्रात आहे. निळा ढगवाल्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ करा, सगळं खाली उतरू द्या, मग हलवा.

काहींनी मात्र ‘हा वनड्राइव्ह फोल्डर कशाला’ म्हणून तोच पुसलेला असतो. मग ब्राउझरमधून वनड्राइव्हचा रीसायकल बिन गाठा. घरगुती खात्यात फाइल तिथे ३० दिवस असते.

फाइल आहे पण आतला मजकूर बिघडला, किंवा कुणी त्यावर भलतंच सेव्ह केलं, तर तिच्यावर राइट क्लिक करून ‘व्हर्जन हिस्टरी’ बघा. घरच्या डिस्कपेक्षा क्लाउड उजवा ठरतो तो इथे. एका शाळेच्या कारकुनाने निकालपत्रकावर रिकामं पत्रक सेव्ह केलं होतं. आदल्या दिवशीची आवृत्ती काढायला चहा येईपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही.

डिस्क फॉरमॅट करा म्हणते, किंवा बोलतच नाही

‘कॅन्सल’ दाबा. मग केबल बदला. हसू नका, डिस्कच्या दुखण्यांत केबलचा वाटा मोठा असतो. डेस्कटॉप संगणक असेल तर पुढच्या भोकाऐवजी मागच्या भोकात लावा. पोर्टेबल डिस्क यूएसबीतूनच वीज घेते आणि पुढच्या पोर्टला ती कधी कधी पुरत नाही.

डिस्क टक-टक आवाज करत असेल तर त्याच क्षणी काढा आणि परत लावू नका. आत वाचणारं डोकं भरकटलेलं असतं, प्रत्येक फेरीत ते तबकडी आणखी खरवडू शकतं. अशी डिस्क माझ्याकडेही आणू नका, सरळ स्वच्छ-खोली असलेल्या रिकव्हरी प्रयोगशाळेत न्या. खर्चाचा आकडा ऐकून बसायला खुर्ची लागते, पण काम तिथेच होतं.

आवाज नाही, डिस्क दिसते, पण कूर्मगतीने चालते असं असेल तर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे मोफत सॉफ्टवेअर टाकून बघा. निळा रंग ठीक, पिवळा म्हणजे सामान बांधायला घ्या, लाल म्हणजे उशीर झालाय. त्यातल्या दोन ओळी माझ्या कामाच्या: ‘रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स’ (खराब झाल्यामुळे बदललेले डिस्कचे तुकडे) आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (खराब असल्याचा संशय असलेले). शून्याच्या पुढे गेले आणि आठवड्यागणिक वाढत असले की डिस्क बदला. आकडे नेहमीच्या दशमान पद्धतीत नसतात, सोळाच्या हिशेबात असतात. तेव्हा ‘१०’ दिसलं तर ते सोळा.

अशा आजारी डिस्कवर विंडोजचं ‘चेकडिस्क’ चालवू नका. ते डिस्क दुरुस्त करण्याच्या नादात तुमच्या फाइलींचे तुकडे इकडेतिकडे करतं. आधी जे महत्त्वाचं ते दुसऱ्या डिस्कवर घ्या. चुकून पुसलेल्या फाइलींसाठी ‘फोटोरेक’ आणि ‘टेस्टडिस्क’ ही मोफत साधनं उत्तम आहेत. फक्त सापडलेलं त्याच डिस्कवर कधीच साठवू नका. लॅपटॉपमधल्या एसएसडीवरून (फिरती तबकडी नसलेल्या, चिपच्या डिस्कवरून) पुसलेलं मात्र सहसा येत नाही, कारण पुसलेली जागा ती स्वतःच साफ करून ठेवते. जुन्या हार्डडिस्कचा हा एक गुण एसएसडीत नाही.

चारशे रुपयांत २ टीबी पेनड्राइव्ह मिळाला असेल तर तो २ टीबीचा नाही. आतली चिप खोटं बोलते, खरी जागा संपली की मागचं पुसत पुढचं लिहिते. ‘एच२टेस्टडब्ल्यू’ या मोफत सॉफ्टवेअरने तपासा आणि फेकून द्या.

मग भरवशाचं काय?

आमच्या दुकानाच्या भिंतीवर २६ जुलै २००५ च्या पुराची रेघ होती. त्या रेघेच्या वर हातभर अंतरावर मी फळी मारली होती आणि तिच्यावर दोन डिस्क ठेवायचो, एक कामाची आणि एक तिची नक्कल. महिन्याच्या महिन्याला न चुकता नक्कल करायचो. लोकांना सांगायचो, बघा, असं ठेवावं. २२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठी बाजारात शिरली आणि पाणी त्या रेघेच्या वर गेलं, फळीच्याही वर गेलं.

दोन्ही डिस्क चिखलात सापडल्या. मी त्या धुतल्या, उन्हात वाळवल्या आणि चालू करून बघितल्या. हा माझा दुसरा मूर्खपणा. भिजलेल्या डिस्कला वीज द्यायची नसते आणि ती वाळवायचीही नसते. आत चिखल सुकून बसला की साफ करणं आणखी अवघड होतं. ओलीच पिशवीत बंद करून प्रयोगशाळेत पाठवायची असते. हे मला दुसऱ्याच्या डिस्कबाबत ठाऊक होतं, स्वतःच्या वेळी सुचलं नाही.

दुकानाची अकरा वर्षांची बिलं गेली, त्याचं फारसं काही नाही. बाबांच्या भजनांच्या नऊ कॅसेटी मी संगणकावर घेतल्या होत्या. कॅसेटीही त्याच फळीवर. त्यातली दोन भजनं उरली, कारण ताईला पुण्याला गणपतीत लावायची होती म्हणून मी ती मेलने पाठवली होती. बॅकअप म्हणून नव्हे.

हे ऐकल्यावर लोक म्हणतात, म्हणजे क्लाउडच बरा. त्यांना मी त्याच वर्षीची दुसरी गोष्ट सांगतो. आमच्या पुराआधी चार महिने, १० मार्च २०२१ ला, फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली. ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता अशा काही ग्राहकांचं दोन्ही गेलं. माझ्याकडे फळी होती, त्यांच्याकडे इमारत होती. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला बॅटरीची आग लागली, त्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइलींचा ८५८ टीबीचा साठा गेला. दुसरीकडे त्याची नक्कलच नव्हती, कारण साठा फार मोठा आहे असं ठरलं होतं. क्लाउड आकाशात नसतो, कुणाच्या तरी जमिनीवर उभा असतो.

डिस्क तरी तितकी वाईट आहे का? बॅकब्लेझ ही कंपनी आपल्या लाखो हार्डडिस्कचा हिशेब दरवर्षी छापते. २०२४ मध्ये बिघाडाचं प्रमाण १.५७ टक्के होतं. म्हणजे शंभर डिस्कमागे वर्षाला दीड. पण त्या डिस्क वातानुकूलित खोलीत एका जागी बसलेल्या असतात. आपली डिस्क स्कूटरच्या डिकीतून परशुराम घाट चढते-उतरते.

तेव्हा माझं उत्तर असं की मी ‘कुठे’ हे विचारणं सोडलं. मी प्रती मोजतो, आणि मोजताना एकच कसोटी लावतो: ही पुसली तर ती पुसली जाते का? जात असेल तर त्या दोन नाहीत, एकच आहे. फोन आणि त्याचा सिंक (फोनशी आपोआप जुळवली जाणारी क्लाउडवरची प्रत), एक. एकाच फळीवरच्या दोन डिस्क, एक. कायम संगणकाला जोडून ठेवलेली डिस्क आणि संगणक, एक, कारण खंडणीखोर व्हायरस आला की दोन्ही कुलूपबंद करतो.

मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचा गूगल क्लाउडवरचा ‘प्रायव्हेट क्लाउड’च चुकून पुसला गेला. सहा लाखांहून जास्त सभासद. त्यांनी दोन वेगवेगळ्या ठिकाणी नक्कल ठेवली होती, पण दोन्ही त्या एकाच प्रायव्हेट क्लाउडखाली, त्यामुळे दोन्ही गेल्या. वाचले ते त्याच्याबाहेर, वेगळ्या ठेवलेल्या प्रतींमुळे.

आपल्याकडे खातं पुसलं जाण्यापेक्षा हरवण्याची भीती मोठी. जीमेल मोबाइलवाल्याने काढला, पासवर्ड त्याच्या वहीत, आणि ओटीपी जातो तो बंद पडलेल्या सिमवर. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. आजच खात्यात आपला चालू नंबर घाला, आणि गूगलचे दहा ‘बॅकअप कोड’ छापून रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये ठेवा. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं, म्हणून वारलेल्या माणसाच्या खात्यातले फोटो वेळेत उतरवून घ्या.

मी आता काय करतो

फोन क्लाउडवर जातो, ते चालू राहू दिलं आहे. पैसे भरून जागा घेतली, कारण १५ जीबीत संसार मावत नाही. दर तीन महिन्यांनी ‘गूगल टेकआउट’ या गूगलच्याच सोयीतून सगळं डिस्कवर उतरवून घेतो. उतरवायला गूगल जो दुवा देतं तो आठवड्याभरात संपतो, त्यामुळे ‘उद्या करू’ म्हटलं की परत पहिल्यापासून. फोटोंच्या तारखा काही वेळा नावाच्या शेवटी ‘.json’ असलेल्या वेगळ्या फाइलीत येतात, त्या कचरा समजून पुसू नका.

आमच्या इथल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरला मात्र मी उलटं सांगितलं. एका लग्नाचे ३०० जीबी, आणि त्याच्याकडे नेट वर चढवायला २० एमबीपीएस. हिशेब केला तर अखंड चालून तेहतीस तास, तेही वीज गेली नाही तर. लग्नसराईत हे जमणार नाही. त्याने दोन डिस्कवर प्रत झाल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड पुसायचं नाही, एक डिस्क स्टुडिओत आणि दुसरी डोंगरातल्या घरी, आणि निवडलेले दोनशे फोटो तेवढे क्लाउडवर. गिऱ्हाईक दहा वर्षांनी मागतं ते तेवढेच दोनशे.

कॉपी करताना एक सावधगिरी. सिंक करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘मिरर’ असतं, ते डावीकडचं उजवीकडे जसंच्या तसं करतं, म्हणजे डावीकडे नसलेलं उजवीकडचं पुसतं. मी एकदा डावं-उजवं उलटं केलं होतं. रिकाम्या नव्या डिस्कची हुबेहूब नक्कल भरलेल्या डिस्कवर झाली. तेव्हापासून मी साधं ‘अपडेट’ वापरतो, जागा थोडी जास्त खाल्ली तरी चालेल.

आणि तपासणी. गिटलॅब या प्रोग्रामरांच्या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ ला एका कर्मचाऱ्याने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला. बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या सोयी होत्या. ऐनवेळी एकही धड चालली नाही. एक तर आवृत्तीच्या घोळामुळे कधीपासूनची रिकामीच चालत होती. सहा तासांपूर्वी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेली प्रत होती, तिने वाचवलं. बाबांच्या दोन भजनांसारखंच. म्हणून डिस्क भरून झाली की मी ती दुसऱ्याच लॅपटॉपला लावतो, डोळे मिटून तीन फोल्डर उघडतो आणि त्यातली एकेक फाइल शेवटपर्यंत चालवून बघतो.

माझ्या दोन डिस्कपैकी एक दुकानात नाही, वरच्या आळीतल्या घरी असते. दुसरी ताईकडे पुण्याला. ती गणपतीला आणि शिमग्याला येतेच, तेव्हा तिच्या पिशवीतली डिस्क उतरते आणि माझ्याकडची ताजी चढते. डिस्कवर चिकटपट्टी लावून ‘गणपती’ आणि ‘शिमगा’ एवढंच लिहिलंय. गेल्या शिमग्याला ताई डिस्क घरीच विसरून आली. मग पालखी नाचवून झाल्यावर मी तिच्यासोबत एसटीने पुण्याला गेलो, तिथे अदलाबदल केली आणि रात्रीच्या गाडीने परत आलो. बायको म्हणाली, कुरिअरने दीडशे रुपयांत झालं असतं. खरं आहे, पण कुरिअरचं गाठोडं कोण कसं आपटतं ते मी रोज दुकानात बघतो.